आजीचे उत्तर कोणत्या रकान्यात?

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारचे जेवण आटोपून अंगणातल्या खाटेवर जरा पाठ टेकली होती. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला, तर पलीकडून एक गोड आवाज बोलू लागला. माणसाचा नव्हे, आधीच ध्वनिमुद्रित केलेला. “आपल्या मते देशापुढील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता? महागाईसाठी एक दाबा. बेरोजगारीसाठी दोन दाबा. भ्रष्टाचारासाठी तीन...” मी चष्मा शोधेपर्यंत आवाज सहावर पोचला होता. मला जे सांगायचे होते, त्यासाठी एकही आकडा नव्हता. मी काहीच दाबले नाही. “आपला प्रतिसाद मिळाला नाही, धन्यवाद,” असे म्हणून बाई निघून गेल्या.

“कोनाचा फोन होता जी?” आतून विचारणा झाली.

“देशाचं काय करावं, ते विचारत होते.”

“मग सांगितलं का?”

“बटणच नव्हतं.”

घरात हसू झाले. मला मात्र हसू येईना. कारण जवळजवळ तीस वर्षांपूर्वी, याच लाखनीच्या आसपासच्या गावांत, एका म्हातारीच्या उत्तराला मीही असेच बटण नाकारले होते. ती गोष्ट मी फारशा कोणाला सांगितलेली नाही. आज सांगतो, कारण हल्ली वर्तमानपत्र उघडले, दूरदर्शन संच लावला की ‘देशाला काय हवे आहे’ याचे आकडे समोर येतात. हे आकडे कसे तयार होतात, कुठे पक्के असतात आणि कुठे पोकळ, हे घरातल्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावे असे वाटते.

तेंदूपत्त्याचे दिवस

१९९६ चा मे महिना. लोकसभेच्या निवडणुका नुकत्याच आटोपल्या होत्या. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. एका संस्थेला मतदारांच्या मुलाखती घेण्यासाठी जिल्ह्यातली मुले हवी होती. संस्थेचे नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. दोन दिवस प्रशिक्षण, दर मुलाखतीमागे काही रुपये आणि सायकल आपली. आम्ही पाच-सात मुले आनंदाने तयार झालो.

प्रशिक्षणाला नागपूरहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, “हजार मतदारांच्या गावात वीसच लोकांना विचारून गावाचे मत कळेल का?” आम्ही सगळे म्हणालो, नाही. बाई हसल्या. “तुम्ही भाताच्या मुलखातली मुले. तुमची आई भात शिजला की नाही, हे सगळे भांडे खाऊन पाहते का?”

शितावरून भाताची परीक्षा! सर्वेक्षणाचे सारे शास्त्र या एका म्हणीत आहे. पण म्हणीच्या पोटात एक अटही दडलेली आहे, ती आपण विसरतो. शीत वरचेच घेतले तर वरचा भात कोरडा आणि तळाचा गचका असू शकतो. भांडे ढवळून, कुठलेही शीत हाती येईल अशा बेताने ते घेतले, तरच परीक्षा खरी.

मतदारांचे भांडे ढवळायचे कसे? बाईंनी मतदारयादी पुढे ठेवली. यादीत हजार नावे आहेत, आपल्याला वीस हवीत. म्हणजे दर पन्नासांतून एक. पहिल्या पन्नासांतले एक नाव चिठ्ठी काढून ठरवायचे. समजा सतरावे निघाले, तर पुढे सदुसष्टावे, मग एकशे सतरावे, असे यादी संपेपर्यंत. यात आपली आवड-निवड कुठेच येत नाही. पाटील असो, मजूर असो, नवी सून असो की खाटेला खिळलेला म्हातारा असो, नाव निघाले त्याच्याच दारात जायचे. शेजाऱ्याला विचारून चालत नाही.

ऐकायला सोपे, पण प्रत्यक्षात पाय भरून येतात. मे महिना म्हणजे आमच्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटेच बायाबापड्या जंगलात गेलेल्या असत. दुपारी परत येऊन पानांचे मुडके बांधत बसत. आम्ही सकाळी गावात पोचलो की भेटायचे ते पानठेल्यावरचे लोक, दुकानदार आणि पुढारी. हे सगळे बोलायला उत्सुक. “अरे बाबू, मला विचार ना, अख्ख्या गावाचं सांगतो,” असा आग्रह व्हायचा. मोह मोठा होता. पण गावाचे मत नेमके तिथेच फसते. जो घरी सापडतो आणि जो सापडत नाही, ही दोन वेगळी माणसे असतात. दोघांची पोटे वेगळी, म्हणून दोघांचे प्रश्नही वेगळे.

चोवीस लाख नको, योग्य दोन हजार हवेत

या चुकीचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण १९३६ चे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रे टपालाने पाठवली. वीस लाखांहून अधिक परत आली. एवढी माणसे बोलली म्हटल्यावर अंदाज चुकेल कसा? लँडन निवडून येणार, असे नियतकालिकाने जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे घेतली होती ती प्रामुख्याने टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी टेलिफोन, तो खाऊनपिऊन सुखी. गरिबाचे मत भांड्याच्या तळाशीच राहिले. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी फार थोड्या पण विचारपूर्वक निवडलेल्या लोकांना विचारून बरोबर अंदाज सांगितला होता.

आपल्याकडे हे शास्त्र परके नाही. पी. सी. महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले. सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे यांनी पिकांचा उतारा काढण्यासाठी नमुना पद्धत घालून दिली. आमच्या भागातला शेतकरी ‘सर्वेक्षण’ म्हटल्यावर गोंधळेल, पण पीक कापणी प्रयोग म्हटले की लगेच ओळखेल. गावातली काही शेते निवडायची, त्यात दोऱ्याने आखलेला ठरावीक तुकडा कापायचा, धान झोडून तोलायचा आणि त्यावरून उतारा काढायचा. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की गाव टंचाईच्या यादीत. नमुना कुठला घेतला, यावर किती घरांची चूल अवलंबून असते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

तुकडा केवढा असावा, यावर महालनोबिस आणि सुखात्मे यांचा मोठा वाद झाला होता. तुकडा फार लहान घेतला, तर कडेवरचे ठोंब आत ओढले जातात आणि उतारा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, असे सुखात्मे यांनी दाखवून दिले. विळा धरणाऱ्याच्या मनात लबाडी नसते. तरीही हात आपोआप भरलेल्या लोंबीकडे जातो. माणसांच्या मुलाखतीतही हात असाच भरलेल्या लोंबीकडे जातो.

मतदारांच्या मनाचा शास्त्रीय अभ्यासही आपल्याकडे जुना आहे. पुणे विद्यापीठातले प्राध्यापक व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीचा अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. दिल्लीत रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये स्थापन केलेल्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने १९६७ पासून राष्ट्रीय पातळीवर निवडणूक अभ्यास केले. त्याच केंद्राचा ‘लोकनीती’ हा उपक्रम १९९७ पासून चालू आहे. २०२४ च्या लोकसभेपूर्वी ‘लोकनीती’ने १९ राज्यांतल्या दहा हजारांवर मतदारांना विचारले. सर्वांत मोठा मुद्दा म्हणून २७ टक्के लोकांनी बेरोजगारी सांगितली आणि २३ टक्क्यांनी महागाई.

नव्वद कोटींहून अधिक मतदारांच्या देशात दहा हजार म्हणजे काय, असे वाटणे साहजिक आहे. पण चिमूटभर मीठ कळायला वरण पातेलीभर आहे की हंडाभर, याने फरक पडत नाही. नीट निवडलेल्या हजार लोकांच्या उत्तरात साधारण तीन टक्के इकडे-तिकडे होण्याची शक्यता असते. ही चूक निम्मी करायची तर चौपट लोक लागतात. म्हणूनच एका मुद्द्याला २७ आणि दुसऱ्याला २६ टक्के मिळाले, तर पहिला मुद्दा ‘आघाडीवर’ असे म्हणण्यात अर्थ नसतो. आणि हे सारे गणित ढवळलेल्या भांड्यालाच लागू पडते. वरचेच शीत घेतले असेल, तर लाख लोकांना विचारूनही चूक तशीच राहते.

प्रश्नातच उत्तर

माणूस नीट निवडला तरी अर्धेच काम झाले. पुढे प्रश्न विचारायचा आहे. १९४१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकशाहीविरोधी भाषणांवर बंदी घालावी का, असे एका गटाला विचारले. ५४ टक्के म्हणाले, घालावी. तशाच दुसऱ्या गटाला विचारले, अशा भाषणांना परवानगी द्यावी का? ७५ टक्के म्हणाले, देऊ नये. परवानगी न देणे म्हणजे बंदीच की! पण ‘बंदी’ हा शब्द कानाला कडू लागतो, म्हणून एकवीस टक्के माणसे इकडची तिकडे झाली.

राष्ट्रीय प्रश्नांचा अग्रक्रम विचारताना तर हा धोका फारच. दोन पद्धती आहेत. एकीत यादी वाचून दाखवायची आणि त्यातला एक निवडायला सांगायचे. दुसरीत यादी न देता, सांगेल ते तसेच्या तसे लिहून घ्यायचे. पहिली स्वस्त आणि झटपट. पण यादी करणारा जिथे बसतो तिथून दिसणारेच प्रश्न तीत असतात. शिवाय ऐकून उत्तर देणाऱ्याला यादीतले शेवटचे नाव अधिक लक्षात राहते, म्हणून चांगल्या सर्वेक्षणात यादीचा क्रम फिरता ठेवतात. दुसरी पद्धत प्रामाणिक, पण तिच्यात मागाहून बसून हजारो उत्तरांची वर्गवारी करावी लागते. हे महागडे आणि किचकट काम.

शिवाय ‘सिंचनावर जास्त खर्च करावा का? रस्त्यांवर? दवाखान्यांवर?’ असे एकेक विचारले तर सगळ्याला ‘हो’च येते. नाही कोण म्हणेल? अग्रक्रम कळायचा असेल तर विचारावे लागते: यातले एकच होणार असेल, तर कोणते? घरी महिन्याचा पगार आला की गृहिणी जो हिशेब मांडते, तोच इथे हवा.

आणि मुलाखत एकट्याने व्हायला हवी. हे आमच्या खेड्यात सर्वांत अवघड. बाईला प्रश्न विचारला की दारातून नवरा उत्तर देतो. “तिले का समजते जी, माझंच लिवा.” सरपंच बाजूला उभा असेल तर गावात कसलीच तक्रार नसते. म्हणूनच मत कोणाला दिले, हा प्रश्न आला की चांगल्या सर्वेक्षणात तोंडी विचारत नाहीत. खोटी मतपत्रिका हाती देऊन डब्यात टाकायला सांगतात.

ती आजी

आता माझी गोष्ट. यादीत एका आजीचे नाव निघाले होते. पहिल्या दिवशी ती जंगलात, दुसऱ्या दिवशी लेकीच्या गावी. तिसऱ्या दिवशी उन्हे कलताना भेटली. पानांचे मुडके बांधत ओसरीत बसली होती.

“कोनाकडून आले जी तुम्ही? याच्यानं राशनकार्ड तर नाही कटत?”

“नाही आजी, कॉलेजातून आलो.”

नाव-गाव झाले. मग मी छापील प्रश्न वाचला : आपल्या मते देशापुढील सर्वांत महत्त्वाची समस्या कोणती?

“देशाचं मले का मालूम, बाबू?” ती म्हणाली. मुडका बाजूला ठेवला आणि बोलू लागली. “आमच्या बोडीची पार फुटली, तीन साल झाले. पानी थांबत नाही. परे सुकून जातेत. कितीकदा सांगतलं, कोनी येत नाही. पोरगा कंटाळला अन् नागपूरले गेला, गवंड्याच्या हाताखाली. आता तुमीच सांगा, रोवणी कोन करन?”

माझ्या कागदावर एक ते सात आकड्यांपुढे सात समस्या होत्या. आठ म्हणजे ‘इतर, सविस्तर लिहा’. नऊ म्हणजे ‘सांगता येत नाही’. सूर्य मावळतीला आला होता, सायकलने तासभर जायचे होते. ती सुरुवातीलाच ‘मले का मालूम’ म्हणाली होती ना? मी नऊला गोल केला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ बरे. उरलेली दोन नावे भेटली नव्हती. त्यांचे कागद मी रस्त्यावरच्या चिंचेखाली बसून स्वतःच भरले. एकाला महागाई दिली, एकाला बेकारी.

दोन दिवसांनी बाईंनी बोलावले. दर दहा मुलाखतींतून एका घरी त्या स्वतः जाऊन खातरजमा करत. हे आम्हाला सांगितलेच नव्हते. चिंचेखालच्या दोघांपैकी एकाच्या दारात त्या पोचल्या, आणि ‘आमच्याकडे कोणीच आले नाही’ असे उत्तर मिळाले. मग त्यांनी माझे सगळेच कागद तपासले होते आणि आजीकडेही जाऊन आल्या होत्या.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझे दोन खोटे फॉर्म मी फाडून टाकले. खोटे पकडता येते. पण आजींच्या पुढचा तो नऊ कोणालाच पकडता आला नसता. तू तिथे गेला होतास, प्रश्न विचारला होतास, सगळे खरे होते. फक्त त्या बाईंना मत नाही, असे तू दिल्लीला कळवून टाकलेस.” जरा थांबून म्हणाल्या, “सिंचन, शासनाचे दुर्लक्ष, रोजगार, शहराकडे जाणारी तरुण मुले. देशाचे चार प्रश्न त्यांनी तुला एका दमात सांगितले. तुला ऐकू आले नाहीत, कारण त्या ‘बोडी’ म्हणाल्या.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. आजीने काही न विचारता पाण्याचा गडू पुढे केला. या वेळी तिचे बोलणे तिच्याच शब्दांत, समासात, कागदाच्या पाठीवर लिहून घेतले. ती मध्येच म्हणाली, “सगळं लिवून घेता का जी? मंग पहिल्या बाऱ्या का केलं होतं?” मला उत्तर सुचले नाही.

गावचा प्रश्न, देशाचा प्रश्न

आजीची बोडी हा देशाचा प्रश्न कसा? आमच्या भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी इथे तलाव आणि बोड्या बांधल्या. मालगुजारी होती तोवर पार दुरुस्त करणे, पाणी वाटणे ही जबाबदारी कोणाची, हे ठरलेले होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. ते योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची राखण कोणाचीच राहिली नाही. गाळ साचला, पारी फुटल्या. दुसरीकडे याच जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाली आणि पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जाही मिळाला. म्हणजे पाणी हा राष्ट्रीय प्रश्न आहेच. तो मोठ्या भिंतीच्या रूपात आला की यादीत बसतो, लहान पारीच्या रूपात आला की ‘इतर’मध्ये जातो, एवढाच फरक.

निवडणुकीचे अंदाज आणि अग्रक्रमाची सर्वेक्षणे यांच्यातला एक भेद इथे लक्षात घ्यायला हवा. मतांचा अंदाज चुकला तर निकालाच्या दिवशी पितळ उघडे पडते. १ जून २०२४ ला बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या. ४ जूनला २९३ आल्या. सगळ्या देशाने चूक पाहिली. पण ‘देशाला अमुक हवे आहे’ हा आकडा चुकला, तर त्याला निकालाचा दिवसच नसतो. तो तसाच भाषणांत, धोरणांत, अग्रलेखांत फिरत राहतो. त्याला पकडणारे कोणी असेल, तर तो आपण वाचक.

म्हणून असा आकडा समोर आला की चार गोष्टी विचाराव्यात. लोक निवडले कसे : यादीतून, की जे सापडले ते? प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत होता? विचारले कसे : घरी जाऊन, की फोनवर? घरातला एकुलता फोन मुलाच्या खिशात असतो आणि मुलगा नागपुरात. मग म्हातारीला कोण विचारणार? आणि ‘सांगता येत नाही’ म्हणणारे किती, ते छापले आहे का? नसेल तर मी त्या आकड्यावर विसंबत नाही. त्या रकान्यात किती आज्या बसवल्या आहेत, मला ठाऊक आहे.

एवढे सगळे सांगून मी सर्वेक्षणाच्या विरोधात नाही, उलट आहे. ग्रामसभेत ज्याचा आवाज मोठा तो बोलतो. मोर्चात जो जाऊ शकतो तो जातो. न बोलणाऱ्याच्या दारात आपण होऊन जाणारी आणि ‘तुम्हाला काय वाटते’ असे नम्रपणे विचारणारी व्यवस्था मला दुसरी माहीत नाही. पण दारात गेल्यावर ऐकलेही पाहिजे.

त्या बोडीची पार पुढे काही वर्षांनी रोजगार हमीच्या कामात बांधली गेली. आमच्या सर्वेक्षणामुळे नव्हे. गावकऱ्यांनी तहसीलच्या खेटा घातल्या, त्यामुळे. तोवर आजी नव्हती. मागच्या पावसाळ्यात तिकडून गेलो, तेव्हा बोडी तुडुंब होती आणि खालच्या बांध्यांत रोवणी चालली होती.

परवा तो फोन पुन्हा आला. या वेळी चष्मा डोळ्यावर होता. शेवटपर्यंत ऐकले. “यांपैकी नसल्यास नऊ दाबा,” असे बाई म्हणाल्या. माझे बोट क्षणभर थांबले. मग मी फोन ठेवून दिला.